फालुटला जाताय? आधी जानापावला पाठीवर ओझं घ्या

इंदूर साडेपाचशे मीटरवर, फालुट शिखर 3,600 वर; भारत-नेपाळ सीमेवर. सरावाला आठ किलोची सॅक घेऊन इंदूरजवळचा जानापाव डोंगर चढा आणि उतराही. गुडघे उतारावरच बोलतात.

ट्रेक जिथून सुरू होतो त्या मानेभंज्यांगहून जीपने थेट वाटेवरचं संदकफू शिखर (3,636 मीटर) गाठू नका. शरीराला विरळ हवेची सवय होत नाही, रात्री डोकं ठणकतं, मळमळतं. पायी जा: पहिला मुक्काम टुमलिंग, मग कालीपोखरी, तिसऱ्या दिवशी संदकफू. कालीपोखरीनंतरचा शेवटचा चढ दम काढतो. त्रास वाढला तर गोळी खाऊन वर नाही, खाली.

पुढे फालुट 21 किलोमीटर, उघड्या डोंगरधारेवरून, म्हणून पहाटेच निघा. वाट नेपाळात शिरते. मूळ ओळखपत्र जवळ हवं. मोबाईलची बॅटरी थंडीत झटकन उतरते, रात्री पांघरुणात घ्या. शेव न्या, कुरकुरीत राहते!