अकरा वेळा ‘कदाचित’

अनेक आशीर्वाद.

तुझा स्पॅनिश कथेचा अनुवाद काल रात्री वाचून संपवला. भाषा ओघवती आहे. पण पहिल्या चार पानांत ‘कदाचित’ अकरा वेळा आलंय. मूळ कथा शेजारी ठेवून पाहिली, तर तिथे ‘ताल बेस’ दोनदाच आहे. उरलेले नऊ तू घातलेस. लेखकाने जिथे नुसतं क्रियापदाचं रूप बदललंय, तिथे तू शब्द वाढवलास.

‘क्रेओ के बिएने’, म्हणजे तो येतोय असं वाटतं. तेच ‘नो क्रेओ के बेंगा’, तो येईलसं वाटत नाही. बिएनेचं बेंगा झालं आणि येणं डळमळीत झालं. पण प्रत्येक बेंगात शंका नसते, हेही ध्यानात ठेव. ‘किएरो के बेंगा’ म्हणजे ‘त्यानं यावं’, आपला सरळ विध्यर्थ. आणि ‘मे आलेग्रो दे के बेंगा’ म्हणणारीला तो येतोय याचा आनंद झालाय. तिथे साधं ‘येतोय’ लिही.

शाळेत विध्यर्थ शिकताना आपण ‘मुलांनी खोटं बोलू नये’ असली वाक्यं घोकतो, त्यामुळे तो उपदेशापुरताच वाटतो. तर्कही त्याच्याच घरचा. दारात चपला दिसल्या की माझी आई म्हणायची, ‘दादा आला असावा.’ नुसतं घड्याळाकडे बघून म्हणायची, ‘आला असेल.’ खूण पाहून केलेला तर्क वेगळा, नुसता अंदाज वेगळा. तुझ्या ‘कदाचित’ने हा फरक पुसला जातो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

‘एस्तारा एन कासा’चं तू ‘कदाचित तो घरी आहे’ केलंस. ‘घरी असेल’ पुरे होतं. स्पॅनिशही भविष्यकाळाचं रूप घेऊन आत्ताचाच अंदाज सांगते, अगदी आपल्यासारखी. अशी जुळून आलेली जागा सोडू नकोस गं.

सातव्या पानावर मात्र अडचण आहे. म्हातारी समोरच्या घरात दिवा पाहते आणि म्हणते, ‘अब्रा येगादो’. यातून ‘आला असेल’ही निघतं, ‘आला असावा’ही. मराठीत एक निवडावंच लागेल. तिने दिवा पाहिलाय, म्हणून मी ‘असावा’ लिहिलं असतं. पण इतक्या वर्षांत तिचा दिव्यावर विश्वास उरलाय का, ते कथा पुन्हा वाचून तूच ठरव आणि मला कळव.