इनडिझाइनमध्ये आउटलाइन दिली की चौकट गाइडच्या बाहेर का जाते?

तुमची अडचण अशी आहे: इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये १०० मिमी रुंदीची चौकट गाइडला (जागा जुळवायला पानावर टाकलेल्या, न छापल्या जाणाऱ्या रेघेला) अचूक चिकटवली, मग ४ पॉइंटची आउटलाइन दिली. आता रेघ गाइडच्या बाहेर दिसते आणि रुंदी १०१.४११ मिमी दाखवली जाते. गाइड सरकलेली नाही आणि सॉफ्टवेअरही बिघडलेलं नाही. चौकटीला दोन कडा असतात, एवढंच आधी डोक्यात पक्कं करा. एक असते पाथची, म्हणजे जिला जाडीच नाही अशी कड. दुसरी असते शाईची, म्हणजे छापून दिसणारी.

इनडिझाइन आउटलाइनला स्ट्रोक म्हणतं आणि सुरुवातीला तो पाथच्या मधोमध बसवतं. म्हणून ४ पॉइंटपैकी २ पॉइंट, म्हणजे साधारण ०.७ मिमी, आत जातात आणि तेवढेच बाहेर. दोन्ही बाजूंचे मिळून १.४११ मिमी वाढतात. दोन चौकटींमध्ये ४ मिमी गटर, म्हणजे मोकळी जागा, सोडला असेल, तर दोघींना अशी रेघ दिल्यावर तो डोळ्यांना २.५८९ मिमीच दिसतो. पान दाटल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

उपाय सोपा आहे. चौकट निवडा, स्ट्रोक पॅनल उघडा आणि ‘अलाइन स्ट्रोक’ च्या तीन बटणांपैकी ‘इनसाइड’ दाबा. सगळी जाडी आत गेली की पाथची कड आणि शाईची कड एकच होते, मग गाइड कोणतीही कड धरो, फरक पडत नाही. चौकटी, फोटो, जाहिराती या सगळ्यांसाठी मी हेच सुचवेन. दरवेळी हाताने करत बसू नका. एक ऑब्जेक्ट स्टाइल, म्हणजे कुठल्याही चौकटीला एका क्लिकमध्ये लावता येणारी साठवलेली सेटिंग, बनवा आणि स्ट्रोकची जाडी, रंग, अलाइनमेंट तिच्यातच भरून ठेवा.

इनसाइडची किंमतही आहे. स्ट्रोक चित्राच्या वर छापला जातो, त्यामुळे ४ पॉइंटची रेघ फोटोची चारही बाजूंनी १.४ मिमी पट्टी झाकते. कडेला कुणाचा हात किंवा अक्षरं असतील तर आधी फोटो आत सरकवा. मजकुराच्या चौकटीत कंट्रोल + बी दाबून निदान २ मिमी इनसेट (कड आणि मजकूर यांच्यातली मोकळी जागा) द्या, नाहीतर पहिल्या ओळीचे रफार आणि मात्रा रेघेच्या अगदी जवळ जातात.

आता जिथे बहुतेकांची गल्लत होते ती जागा. कंट्रोल पॅनलच्या उजव्या टोकाच्या मेन्यूत ‘डायमेन्शन्स इन्क्लूड स्ट्रोक वेट’ असा पर्याय आहे आणि तो मुळातच चालू असतो. तो चालू असताना मापाचे आकडे शाईच्या कडेपासून मोजले जातात, आणि ओढताना गाइडला चिकटते तीही तीच कड. बंद केलात तर पाथ धरला जातो. स्ट्रोक मधोमध असताना तुम्ही रुंदीत १०० टाइप केलंत, तर पर्याय चालू असल्यास पाथ ९८.५८९ मिमीचाच राहतो. एकाच फाइलवर दोघे काम करत असाल आणि एकाकडे हा पर्याय चालू, दुसऱ्याकडे बंद असेल, तर मापं कधीच जुळणार नाहीत. खात्री करायची असेल तर ५० मिमीवर एक गाइड टाका, १० पॉइंट स्ट्रोकची चौकट तिच्याकडे ओढा आणि ८०० टक्के झूम करून बघा. कोणती कड चिकटली ते लगेच दिसेल.

एका ठिकाणी मात्र इनसाइड चुकीचं ठरतं: एकमेकींना खेटून असलेल्या चौकटी. १ पॉइंटच्या दोन रेघा शेजारी आल्या की मधली रेघ २ पॉइंटची दिसते. तिथे स्ट्रोक मधोमधच ठेवा, वरचा पर्याय बंद करा आणि पाथला पाथ भिडवा. रेघा एकमेकींवर पडून एकच राहते. घरं बरीच असतील तर सरळ टेबल घ्या.

गाइडला चौकट चिकटतच नसेल तर कारण बहुधा वेगळंच असतं. डब्ल्यू दाबून प्रिव्ह्यूत गेलात की गाइड लपतात, आणि लपलेल्या गाइडला काही चिकटत नाही. ‘स्नॅप टू डॉक्युमेंट ग्रिड’ (पानावरच्या चौकड्यांच्या जाळीला चिकटवणारा पर्याय) चालू राहिलं असेल तर ते गाइडवर मात करतं. चिकटण्याचं अंतर ४ पिक्सेल असतं, पण ते पडद्यावरचं: ५० टक्के झूमवर तेच अंतर पानावर १०० टक्क्यांच्या दुप्पट होतं, म्हणून लांबून बघताना चौकट भलतीकडे उडी मारते. झूम वाढवा. ओढताना आपोआप उमटणाऱ्या हिरव्या स्मार्ट गाइड मध्ये मध्ये येत असतील तर कंट्रोल + यू ने तेवढ्यापुरत्या बंद करा.

आणखी एक. पानाच्या कापाच्या कडेलाच बॉर्डर देऊ नका, इनसाइड असली तरी. कटिंग अर्धा मिमी सरकलं तरी एका बाजूची रेघ बारीक आणि दुसरीकडची जाड दिसते. बॉर्डर कापापासून ४-५ मिमी आत घ्या.