स्टूल रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी बाबांचे जुलाब का थांबत नाहीत?

तुम्ही लिहिलंय, बाबांची किडनी बदलून आठ महिने झाले, तीन आठवडे पाण्यासारखे जुलाब होताहेत आणि रिपोर्टात 'ओव्हा-सिस्ट नॉट सीन' (परजीवींची अंडी-कोश दिसले नाहीत) आलंय. मी डॉक्टर नाही. इंदूरमध्ये लॅब टेक्निशियन म्हणून बरीच वर्षं काढली, त्या भरवशावर सांगतो.

त्या ओळीचा अर्थ 'जंतू नाहीत' असा नसतो, 'साध्या स्लाइडवर दिसले नाहीत' एवढाच असतो. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवीचा कण जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचा, तांबड्या पेशीहूनही बारीक. साध्या स्लाइडवर तो यीस्टच समजून सोडून दिला जातो. मीही सोडलाय. एका बाईंचं सॅम्पल मी नॉर्मल म्हणून पाठवलं. चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन: पेशंट प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर आहे, अॅसिड-फास्ट (खास रंग देऊन स्लाइड बघायची तपासणी) करा. केलं, तर निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी टिकल्याच टिकल्या! आधीच्या चिठ्ठीवर गोळ्यांचा उल्लेखच नव्हता, पण विचारायला मला तरी कुठे सुचलं होतं.

किडनी बदललेल्या बाबांनाही अशाच गोळ्या असतात, म्हणून चिठ्ठीवर 'ट्रान्सप्लांट पेशंट, मॉडिफाइड अॅसिड-फास्ट' असं स्पष्ट लिहून घ्या आणि वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या. त्याच तपासणीत सिस्टोआयसोस्पोरा हा दुसरा परजीवीही सापडतो. तो लांबट, चांगला मोठा असतो आणि को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकने सहसा आटोक्यात येतो. क्रिप्टोला तसं हुकमी औषध नाही. तिथे बऱ्याचदा डॉक्टरांना प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचाच डोस बदलावा लागतो. तुम्ही मात्र आपल्या मनाने एकही गोळी कमी करू नका, किडनी जाईल. बाबा टॅक्रोलिमसवर (प्रतिकारशक्ती दाबणारं एक औषध) असतील तर जुलाबात त्याची रक्तातली पातळी उलट चढते, ती लगेच तपासून घ्या. लघवी कमी झाली किंवा चक्कर आली तर तडक हॉस्पिटल गाठा.

पाण्याचं म्हणाल तर जलूदच्या पंपिंग स्टेशनहून इंदूरला येणारं नर्मदेचं पाणी असो की बोरिंग, उकळूनच द्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. क्लोरीनच्या गोळीवर विसंबू नका, क्रिप्टोचं कवच तिला दाद देत नाही. अमेरिकेत मिल्वॉकीला १९९३ साली क्लोरीन घातलेल्या नळाच्याच पाण्यातून सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. आरओ चांगला असतो, पण त्याची टाकी नि तोटी कधी धुतली होती ते आठवून बघा.

बाबांना सराफ्याची, इंदूरच्या त्या रात्रीच्या खाऊगल्लीची, ओढ असणारच. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिकडची चटणी, शिकंजी, बर्फ सगळं बंद.