आजार माझा, बोलणे भासऱ्यांचे

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावाहून आलेले पत्र, थोडक्यात: "माझे वय ४४, शिक्षण सातवीपर्यंत. छातीत गाठ निघाली, नागपूरला तुकडा तपासला आणि कॅन्सर आहे असे सांगितले. आतापर्यंत दोन केमो झाल्या, ऑपरेशन नंतर करू म्हणतात. डॉक्टरांशी मालक आणि भासरे बोलतात, मी बाहेर बाकावर बसून असते. घरी आल्यावर विचारले तर मालक म्हणतात, 'तुले काय समजते त्यातलं?' रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे एवढे कानावर आले, पण ते चांगले की वाईट हेही कळले नाही. जाऊबाईंनी माझे ताट-पेला वेगळा केला आहे. मुलगी सोळा वर्षांची आहे, तिचीही काळजी वाटते. मी स्वतः डॉक्टरांना विचारले तर त्यांना राग येईल का?"

ताई,

तुमचे पत्र वाचताना मी अडखळले ती ताट-पेल्यापाशी, म्हणून ती गोष्ट आधी निकालात काढते. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा शेजारी झोपल्याने कर्करोग कुणालाही लागत नाही. तुम्ही सांगून जाऊबाईंना ते पटेल असे मला वाटत नाही. एखाद्या खेपेस त्यांनाच सोबत न्या आणि सिस्टरच्या तोंडून ऐकू द्या.

'पॉझिटिव्ह' या शब्दाने पुष्कळ घरांत असाच घोळ होतो, कारण तो एकाच फाईलमध्ये दोन अर्थांनी येतो. तुकड्याच्या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग सापडला. पण त्याच तुकड्यावर पुढे आणखी एक तपासणी होते, आणि तिच्यात ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ असा की ही गाठ शरीरातल्या स्त्री-हार्मोनच्या जोरावर वाढते आणि म्हणून मुख्य उपचारानंतर साधारण ५ ते १० वर्षे हार्मोनविरोधी गोळ्यांचा आधार घेता येतो. पहिला पॉझिटिव्ह दुःखाचा, दुसरा बऱ्यापैकी दिलाशाचा. तुमच्या कानावर आलेला कोणता, हे कागदावर बोट ठेवून डॉक्टरांनाच विचारा.

आता रागाविषयी. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर घाईत असतात, क्वचित तुसडेही बोलतात. परंतु रुग्णाने स्वतःच्या आजाराविषयी विचारणे यात रागावण्यासारखे काहीच नाही. खरी अडचण वेगळीच आहे: समोर बसलेले दोन पुरुष घरी जाऊन सगळे सांगतील असे डॉक्टर गृहीत धरतात, आणि ते दोघे मात्र तुम्हाला त्रास नको म्हणून, किंवा तुम्हाला कळणार नाही म्हणून, तोंड मिटून घेतात. मालकांच्या त्या वाक्यात भीती किती आणि हेटाळणी किती हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, पण ते सगळेच प्रेमापोटी आहे असेही मला म्हणवत नाही. एवढे लक्षात ठेवा की ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही तुमची लागणार आहे, आणि समजून घेतल्याशिवाय केलेली सही ही संमती नव्हे.

तुम्ही लिहिले नाही, तरी मला वाटते की तुम्ही बाहेर बसता याचे निम्मे कारण भासरे आत असतात हे आहे. ज्यांच्यासमोर आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्यासमोर छातीच्या दुखण्याविषयी बोलायचे तरी कसे? यात तुमचे काहीच चुकत नाही. मालकांना एकट्यात सांगा की भाऊजींनी औषधांच्या आणि योजनेच्या खिडकीचे काम पाहावे आणि खोलीत आपण दोघेच जाऊ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्रांकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसांकडे, कुणीतरी थांबावे लागतेच, त्यामुळे कुणाचा मानही दुखावणार नाही. वजन करताना सिस्टरलाही सांगून ठेवा, "आज मला स्वतःला डॉक्टरांशी बोलायचे आहे," आणि आत गेल्यावर रुग्णाच्या स्टुलावर तुम्हीच बसा.

प्रश्न मुलीकडून वहीच्या पानावर लिहून घ्या आणि पहिले तीन सर्वांत महत्त्वाचे ठेवा, कारण वेळ बहुधा तेवढ्यांनाच मिळेल. ही केमो आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी? आधी केमो आणि मग ऑपरेशन असे का, आणि ऑपरेशनमध्ये पूर्ण स्तन काढावा लागेल का? निंदण, वेचणी, डोक्यावरचे ओझे यांतले काय चालेल आणि कधीपासून? स्टेज विचारायची की नाही हे तुमच्या मनावर आहे. सगळे जाणून घेण्याचा हक्क जसा आहे, तसा "इतके आज पुरे" म्हणण्याचाही आहे. गावात कुणी झाडपाला दिला असेल तर तेही लपवू नका, कारण काही औषधांचे केमोशी जुळत नाही.

एका बाबतीत पुढच्या तारखेची वाट पाहू नका. केमोने शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद उतरते, म्हणून घरात थर्मामीटर ठेवा आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर गावातून गोळी आणून सकाळपर्यंत थांबू नका, मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा. अशा वेळी कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात जायचे, हे त्याच पानावर लिहून आणा.

मुलीविषयी म्हणाल, तर स्तनाच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण आनुवंशिक नसतात. शंभरांत सुमारे ५ ते १० जणींतच तसा दोष सापडतो. तुमच्या आईला, मावशीला किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

फाईल मालकांच्या ताब्यात असली तरी तिच्यातील कागदांची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. रुग्णाने नोंदी मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. आणि तिसऱ्या केमोला निघताना मुलीने लिहिलेले पान पिशवीत सर्वांत वर ठेवा. रिपोर्टांच्या खाली गेले की ते नेमके खोलीत सापडत नाही.