टनाच्या आधी तासाचं बोला

मागच्या महिन्यात याच सदरात मी लिहिलं होतं की इलेक्ट्रिक चेन होइस्टबद्दल (मोटरनं चेन ओढून वजन उचलणारं यंत्र) काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रं आली, भरपूर आली. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच ओळ: "एक टनाचा चांगला होइस्ट सांगा." पण वापर काय, तासाला किती वेळा उचलायचं, याचा पत्ता नाही. आधी मी एका फौंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) मेंटेनन्सला होतो, आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात होइस्ट दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या होइस्टांत जादा वजनानं गेलेले थोडे, जादा वेळा उचलून गेलेले फार. त्यामुळं पहिलं पत्र जरा सविस्तर घेतो.

प्रश्न : आमची शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे. मोल्डिंग बॉक्स (ज्यात रेती ठासून साचा करतो) 1 मीटर बाय 80 सेंटिमीटर, उंची 30 सेंटिमीटर. आजवर हातानं ओढायच्या चेनब्लॉकवर काम भागवलं. आता इलेक्ट्रिक घ्यायचा आहे. एक जण एम-3 चा देतो, दुसरा एम-5 चा. दोन्ही एक टनाचेच, पण किमतीत बराच फरक आहे. हे जादा पैसे कशाचे?

उत्तर : पैशाचं नंतर. आधी तुमचा बॉक्स तोलू. 1 गुणिले 0.8 गुणिले 0.3, म्हणजे 0.24 घनमीटर. ठासलेली रेती घनमीटरला साधारण 1.6 टन धरा, झाली 384 किलो. लोखंडी बॉक्स रिकामा किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी 130 धरतो, तुम्ही काट्यावर ठेवून बघा. वर उचलायचा बीम, चेन, हूक मिळून 80. हे बीमचं वजन लोक हमखास विसरतात. एकूण आकडा सहाशेच्या आसपास जातो, म्हणजे एक टन बरोबर.

थांबा पण. ओतकाम झाल्यावर वरचा-खालचा बॉक्स एकत्र उचलून नॉकआउटला (साचा फोडून कास्टिंग काढायला) नेता का? तसं असेल तर दोन बॉक्स 1028 किलो, वर बीम. शिवाय जिथं रेती होती तिथं आता बीड आहे, आणि बीड घनमीटरला 7.2 टन. आकडा अकराशेच्या पुढं गेला. एक टनाचा होइस्ट तिथं नापास. हा प्रश्न सप्लायरनं तुम्हाला विचारला होता का? नसेल विचारला तर त्यावरूनच तो किती पाण्यात आहे ते कळतं.

आता एम-3 आणि एम-5. हा ड्यूटीचा दर्जा. एम-3 म्हणजे तासातला 25 टक्के वेळ मोटर चालली तर चालेल, आणि तासाला 150 स्टार्ट. एम-5 म्हणजे 40 टक्के आणि 240 स्टार्ट. बटण प्रत्येक वेळी दाबलं की एक स्टार्ट, मग हूक चार बोटं हलो नाहीतर चार मीटर. (या दर्जात रोज फुल लोड असतो की अर्धा, याचाही हिशेब असतो. तुमच्याकडं जवळपास रोज तेच वजन आहे, म्हणून तो मुद्दा सोडतो.)

समजा तासाला 30 बॉक्स. प्रत्येक वेळी दीड मीटर वर, दीड मीटर खाली. होइस्टचा वेग मिनिटाला 4 मीटर. तीन मीटर गुणिले तीस म्हणजे 90 मीटर, भागिले चार, साडेबावीस मिनिटं. तासातला साडेसदतीस टक्के वेळ. एम-3 ला परवानगी पंधरा मिनिटांची. जूनमध्ये बसवलात तर दिवाळीपर्यंत मोटर माझ्याकडं वाइंडिंगला येईल.

स्टार्ट मोजा. बॉक्सवर बॉक्स बसवताना पिना भोकात जाईपर्यंत पोरगं टिक-टिक-टिक बटण मारतंच. एका बॉक्सला आठ स्टार्ट सहज होतात. तीस बॉक्सचे 240. म्हणजे एम-5 सुद्धा काठावर आला! ही टिकटिक होइस्टला सगळ्यात जास्त खाते. दर स्टार्टला मोटर कित्येक पट करंट ओढते, कॉन्टॅक्टर (मोटरला करंट जोडणारे-तोडणारे स्विच) जळतात, ब्रेकची लायनिंग झिजते.

म्हणून माझं मत असं : एम-5 घ्या, आणि दोन वेगाचा घ्या, 8 आणि 2 मीटर. मोठं अंतर आठानं काटा, शेवटची वीतभर दोननं उतरवा. बॉक्स अलगद बसतो, पिनेचं भोक फुटत नाही, रेती झडत नाही, स्टार्ट आठावरून चारावर येतात. कास्टिंगचं रिजेक्शन कमी झालं तर फरकाचे पैसे तिथंच निघतात. मात्र हाच होइस्ट महिन्यातनं दोनदा मोटर किंवा पंप उचलायला हवा असता, तर एम-3 घ्या आणि राहिलेल्या पैशात चांगले स्लिंग (वजन बांधून हूकला अडकवायचे पट्टे) घ्या, असं मीच म्हणालो असतो.

प्रश्न : गोकुळ शिरगावला मेंटेनन्स बघतो. रविवारी मेन पॅनेलचं काम झालं. सोमवारी होइस्टचं अप दाबलं की हूक खाली. वायरमननं पेंडंट (होइस्टची लटकती बटणपेटी) उघडून दोन वायरी अदलाबदल करून दिल्या. आता बरोबर चालतो. काळजीचं काही नाही ना?

उत्तर : आहे. हे वाचून खाली ठेवा आणि आधी जाऊन होइस्टचा मेन बंद करा.

पॅनेलच्या कामात दोन फेज उलट जोडले गेले, म्हणून मोटर उलटी फिरली. दुरुस्ती फेजमध्ये करायची होती, वायरमननं केली बटणात. बाहेरनं सगळं सरळ दिसतं. आत काय झालं बघा : हूक पार वर गेला की वरचा लिमिट स्विच 'अप'चा कॉन्टॅक्टर तोडतो. तुमच्याकडं आता हूक वर जातोय 'डाऊन'च्या कॉन्टॅक्टरवर. लिमिट स्विच इमानदारीनं भलताच कॉन्टॅक्टर तोडणार, आणि हूक जाऊन बॉडीला भिडणार.

हे मी भोगलंय. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. लाईट गेली, भाड्याचा जनरेटर लावला, फेज तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. टांगलेला जॉब उतरवायला मी डाऊन दाबलं, जॉब वर निघाला. माणूस घाबरला की बटण सोडत नाही, आणखी जोरात दाबतो. मीही तेच केलं. हूकब्लॉक वर आदळला, जादा ताण आला की सुटणारा क्लच घसरला म्हणून चेन वाचली. खाली उभा असलेला हेल्पर अर्धं मिनिट माझ्याकडं बघत होता, बोलला काहीच नाही. त्या नजरेपेक्षा शिवी परवडली असती.

करायचं ते एवढंच : पेंडंटच्या वायरी पुन्हा होत्या तशा लावा, आणि होइस्टला येणाऱ्या सप्लायच्या तीनपैकी कोणतेही दोन फेज आयसोलेटरला (होइस्टच्या मेन स्विचला) बदला. मग रिकाम्या हूकनं वरचा लिमिट तपासा, हळू वेगात. फेज-सीक्वेन्सचा रिले बसवून घ्या. फेज उलटा झाला किंवा एखादा गेला तर तो होइस्ट चालूच होऊ देत नाही. महावितरणच्या लाइनचं काम झालं, जनरेटर लागला, पॅनेल उघडलं की पहिलं बटण रिकाम्या हूकवर मारायचं, ही सवय सगळ्या शिफ्टना लावा.

प्रश्न : काका, मी आयटीआय करून कागलला अप्रेंटिस आहे. फोरमन म्हणतात चेनला ऑइल लावू नको, रेती चिकटते. होइस्टच्या पुस्तकात ऑइल लावायला सांगितलंय. कुणाचं ऐकू?

उत्तर : पुस्तक वाचलंस, तिथंच अर्धी नोकरी पक्की केलीस. फोरमनही चुकीचे नाहीत बाळा. ऑइलमध्ये रेती मिसळली की पॉलिश पेपर तयार होतो. पण चेन झिजते कुठं? कडीत कडी बसते त्या खोबणीत. तिथं कोरडं लोखंड लोखंडावर घासलं तर चेन त्याहून लवकर जाते. तेव्हा आधी चेन पुसून स्वच्छ कर, लोड काढून कड्या सैल पाड, सांध्यात पातळ ऑइल जाऊ दे, आणि बाहेरचं फडक्यानं पुसून टाक. रेती फारच उडत असेल तर सुकी फिल्म धरणारं ल्युब्रिकंट मागव. ग्रीस कधीही नाही.

आणि नुसतं ऑइल लावून परत येऊ नकोस, व्हर्निअर ने. 8 मिलिमीटरच्या चेनची कडी आतून 24 मिलिमीटर असेल तर नव्या चेनच्या 11 कड्यांचं माप 264 येतं. दोन टक्के वाढ ही मर्यादा धर, म्हणजे 269 च्या पुढं गेलं की चेन बाद. कडीची जाडी दहा टक्क्यांनी उतरली तरी बाद. हूकचं तोंड नव्यापेक्षा दहा टक्के उघडलं तर हूक बाद. कंपनीच्या पुस्तकात याहून कडक आकडा असेल तर तोच खरा. सगळीकडं एकच माप घेऊ नकोस. जो तुकडा रोज व्हीलवरनं जास्त जातो तोच जास्त ताणलेला असतो, तो शोध. चेन तुटली, कडी उघडली तर वेल्डिंग मारून जोडायची नाही, बाजारातली दिसायला तसलीच चेनही घालायची नाही. होइस्टच्या कंपनीचीच.

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. काहील (रस आटवायची मोठी कढई) उचलून वाफ्यात (गूळ थंड करायच्या हौदात) ओतायला सध्या हाताची चेनपुली आहे. पोरगं म्हणतंय इलेक्ट्रिक बसवू, माणसं मिळत नाहीत. काहील आणि आदण (आतला उकळता रस) मिळून साडेचारशे किलोच्या आत.

उत्तर : दादा, माझं दुकान होइस्टवरच चालतं, तरी तुम्हाला सांगतो, घाई करू नका.

कारण वजन नाही. गूळ तयार होतो तेव्हा पाक 118 अंशांच्या पुढं गेलेला असतो, आणि तो अंगाला चिकटतो. अशी काहील अर्ध्यात टांगलेली असताना लाईट गेली तर? ब्रेक धरून ठेवेल. चांगल्या होइस्टचा ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि करंटनं सुटतो, त्यामुळं करंट गेला की तो आपोआप लागतो. काहील पडणार नाही. पण उतरणारही नाही. खाली चुलवण पेटलेलं, आदण करपायला लागलं, आणि गडी हातानं ढकलून-ओढून काहील सरकवायला बघणार. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज ठरावीक तासच असतो, हे मी तुम्हाला काय सांगावं. हाताच्या पुलीला लाईट लागत नाही.

माणसांचीच अडचण असेल तर काहील उचलायची पुली तशीच ठेवा. इलेक्ट्रिक होइस्ट ढेपा गाडीत चढवायला लावा. तिथं लाईट गेली तर चहा होतो, दुसरं काही नाही. तरीही काहिलीवर बसवायचाच म्हणालात तर जनरेटर जोडून ठेवा, दोन टनाच्या खाली जाऊ नका, वाफेनं आत पाणी धरतं म्हणून दर हंगामाआधी उघडून बघून घ्या, आणि काहील हलताना बघ्यांना लांब ठेवा. गुऱ्हाळावर पाहुणे रस प्यायला नेमके तिथंच येऊन उभे राहतात.

फौंड्रीवाल्यांनी विचारण्याआधीच सांगतो : वितळलेल्या लोखंडाची लॅडल (ओतायचं भांडं) साध्या चेन होइस्टवर टांगायची नाही. त्याला डबल ब्रेकचा, त्या उष्णतेसाठीच बनवलेला होइस्ट लागतो. तो वेगळा विषय आहे.

प्रश्न : (नाव, गाव छापू नका.) एक टनाच्या होइस्टवर कधीकधी 1200 किलोचा जॉब येतो. क्लच घसरतो. मालक म्हणतात, क्लच थोडा आवळ.

उत्तर : आवळू नका. क्लच घसरतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. तुम्ही आवळलात तर पुढच्या वेळी तुटायला चेन किंवा गिअर उरतो. शिवाय चेन उभी असताना 1200 म्हणजे 1200 च, पण जॉब बाजूनं ओढून आणला किंवा जमिनीला चिकटलेला असताना झटका मारला तर त्याहून किती होतं ते काट्यावर दिसत नाही. स्लिंगचंही तसंच. दोन पाय पसरून जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला तर प्रत्येक पायावर अख्खं वजन येतं, निम्मं नव्हे.

मालकांना सांगायला तोंड होत नसेल तर हा अंक टेबलावर उघडा ठेवा. होइस्टवर लिहिलेल्या लोडच्या वर टेस्टिंगशिवाय उचलायचं नाही आणि वर्षातनं एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून नोंद ठेवायची, हा नियम 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 29 पासूनचा आहे. अपघात झाल्यावर साहेब लोक ती नोंदच आधी मागतात.

प्रश्न : शेडच्या ट्रसला (छताच्या कैचीला) गर्डर लटकवून दोन टनाचा होइस्ट लावला तर चालेल का?

उत्तर : नाही. ट्रस पत्र्याच्या आणि वाऱ्याच्या हिशेबानं बनवलेला असतो. स्वतंत्र कॉलम उभे करा, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. आणि गर्डर बदलला की ट्रॉली (गर्डरवर चालणारी होइस्टची चाकांची गाडी) नव्यानं सेट करा. 200 च्या आयएसएमबी गर्डरची फ्लँज (चाकं चालतात ती पट्टी) 100 मिलिमीटर रुंद, 250 ची 125. मोठ्या गर्डरच्या सेटिंगवरची ट्रॉली लहान गर्डरवर चढवली तर चाकं नुसती काठावर टेकतात. दोन्ही टोकांना स्टॉपर हवेच.

प्रश्न : 2021 च्या पुरात शेडमध्ये पाणी होतं तेव्हापासून खाली काढून ठेवलेला अर्धा टनाचा होइस्ट पडून आहे. मोटर हातानं फिरते. लाईट देऊन बघू का?

उत्तर : देऊ नका. मोटर फिरणं आणि ब्रेक लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत गाळ असेल, ब्रेकची कॉइल ओली होऊन सुकलेली असेल. घेऊन या, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघू. चेन कापू नका, पेंडंटही सोबत आणा, आणि चेनची बॅग फेकली नसेल तर तीही. सोमवार सोडून कधीही या.