चहातली गोळी

"मॅडम, त्येनला कळू न देता चहातनं गोळी दिली तर चालतंय का?"

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका बाईंनी पदराची गाठ सोडून गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. (तपशील बदललेत. प्रश्न मात्र नेहमीचाच.) पट्टीवर नाव होतं डायसल्फिराम, दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी. काही खळगे रिकामे होते, म्हणजे देणं सुरूही झालं होतं.

यजमान वीटभट्टीवर. रोज पिणारे. चार दिवसांपूर्वी पिऊन आले आणि चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड. "मला वाटलं, गुण आला."

तो गुण नव्हता. या गोळीनं दारूची ओढ जात नाही. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होतं, ते पुढं मोडायचं काम ती अडवते, मग ते साचतं. गोळीवर दारू प्यायली तर रक्तदाब इतका घसरू शकतो की माणूस दगावेल. गोळी बंद केल्यावरही हा धोका सुमारे दोन आठवडे राहतो. म्हणून नवऱ्याला आजच सांगा, म्हटलं. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. रोज पिणाऱ्यानं भीतीनं एकदम सोडली, तर हात थरथरणं, झटका, दोन-तीन दिवसांत भ्रम, हेही जिवावर बेतू शकतं. प्यावी तर ते, सोडावी तर हे. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांसमोर आणणं भाग होतं.

"तुम्हीच लिहून द्या की चिठ्ठी."

मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, पुढं व्यसनमुक्तीतलं प्रशिक्षण घेतलेली. औषध लिहायचा अधिकार मला नाही, आणि हे सांगताना समोरचा चेहरा उतरतो, तो दर वेळी बघावा लागतो.

"मग धारवाडला न्यावं लागंल काय वो?" आमच्याकडं धारवाड म्हटलं की वेड्यांचं इस्पितळच आठवतं. म्हटलं, आधी बेळगावातच दाखवू.

संध्याकाळी यजमान आले. गोळीपेक्षा चहाचाच राग जास्त. "घरच्या कपावर बी भरवसा ठेवायचा न्हाई?" मी समजूत घातली नाही, राग रास्त होता. बाईंनी माझ्यासमोरच चूक कबूल केली. आठवडाभर ॲडमिट राहिले. दारूबद्दल स्वतःहून बोलले ते तिसऱ्या भेटीत, तेही गोव्याहून येणाऱ्या स्वस्त बाटल्यांना शिव्या घालत.

आता दर गुरुवारी येतात. मध्ये एकदा घसरले, ते त्यांनीच सांगितलं. घरी चहा मात्र अजून स्वतःच करून पितात.