पाझर तलावातला गाळ: आधी शेतकऱ्यांची यादी, मग पोकलेन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७२च्या दुष्काळी कामांतला गावचा पाझर तलाव गाळाने निम्मा भरलाय, ग्रामपंचायत निधी नाही म्हणते, तरुण मंडळ लोकवर्गणीतून पोकलेन आणायला तयार आहे. परवानगी कोणाची घ्यायची, हिशेब कसा बसवायचा आणि १ मेच्या ग्रामसभेत विषय घेतला तर चालेल का?

१ मेपर्यंत थांबू नका. ७ जूनच्या आसपास मृग लागतो आणि वळवाचे पाऊस त्याच्याही आधी रस्ते चिखलाचे करून ठेवतात. १ मेला ठराव झाला, त्याची नक्कल घेऊन परवानगी आणायला पंधरा दिवस गेले, की हातात तीन आठवडेही उरत नाहीत. सरपंचांना लेखी अर्ज द्या आणि मार्चमध्येच विशेष ग्रामसभा लावून घ्या. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल तेवढी. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे मूळ नोटिशीतलेच विषय घेता येतात. म्हणून 'तलावातील गाळ काढणे' हा विषय नोटिशीत स्वतंत्र क्रमांकाने छापून घ्या. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात घेतलेला ठराव पुढे कोणीही सहज हाणून पाडू शकतो.

ठराव मोघम नको. 'तलावातील गाळ काढण्यास मंजुरी' एवढ्या एका ओळीवर कोणताही विभाग परवानगी देत नाही. ठरावात तलावाचा गट नंबर, काढायच्या गाळाचा अंदाजे घनमीटर आकडा, गाळ फक्त शेतात टाकायला द्यायचा आणि विकायचा नाही हे वाक्य, देखरेख समितीच्या सदस्यांची नावे आणि वर्गणी कोणत्या खात्यात जमा होणार हे सगळे हवे. सूचक-अनुमोदकांची नावे प्रोसिडिंगमध्ये आली आहेत ना, हे सभा उठायच्या आत वाचून पाहा. समितीत किमान दोन महिला घ्या, आणि तलावाखालच्या विहिरीवरून पाणी भरणाऱ्या घरांतल्या घ्या. पाणी कधी आटते हे त्यांना सगळ्यांत नेमके माहीत असते.

आता तलाव कोणाचा ते बघा, कारण परवानगी त्याच्याकडूनच घ्यायची आहे. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेची कामे सहसा जिल्हा परिषदेच्या जलसंधारण (जुने लघु पाटबंधारे) विभागाकडे असतात, त्याहून मोठी राज्याच्या खात्यांकडे. गावतळे ग्रामपंचायतीचे असू शकते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आपले पूर्वीचे ग्रामसेवक) मत्ता नोंदवही मागा आणि तलाठ्याकडून सातबारा काढा. तलावाचा मासेमारीचा ठेका दिलेला आहे का आणि बुडीत क्षेत्रात कोणी गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी) केली आहे का, हेही त्याच दिवशी विचारून घ्या. मशीन उतरल्यावर ठेकेदार किंवा गाळपेरवाला आडवा आला की भाडे चालू आणि काम बंद, अशी वेळ येते. त्यांच्याशी आधी बसून बोला, पीक निघायची आणि मासे काढायची तारीख ठरवून लिहून घ्या.

निधीबद्दल. 'निधी नाही' हे उत्तर लगेच मान्य करू नका. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही राज्याची योजना २०१७ साली आली आणि २०२३ पासून नव्याने सुरू झाली. तिच्यात यंत्र व इंधनाचा खर्च शासन उचलते आणि गाळाची वाहतूक शेतकऱ्याने करायची असते. अल्पभूधारक, अत्यल्पभूधारक, विधवा, अपंग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना गाळ वाहून नेण्यासाठी एकरी १५ हजार रुपयांपर्यंत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांना ३७,५०० रुपये अनुदानाची तरतूद केलेली आहे. ठराव आणि मागणी यादी (कोणत्या शेतकऱ्याला किती गाळ हवा त्याची यादी) घेऊन जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागात जा, यंदाची तरतूद आणि अर्जाची तारीख तिथेच विचारा. रोजगार हमीतून करू असे कोणी सुचवेल, पण तिथे यंत्राला मनाई आहे, आणि हजारो घनमीटर गाळ टिकाव-फावड्याने एका उन्हाळ्यात निघत नाही. योजनेत नंबर लागला नाही तर लोकवर्गणीचा मार्ग आहेच, पण परवानगी तेव्हाही तीच लागते.

गाळ किती आहे हे डोळ्याने ठरवू नका. पाणी आटले की तलावात सहा-आठ ठिकाणी खड्डे घ्या: भरावाच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) बाजूला, मध्यात, नाला येतो त्या तोंडाशी. वरून काळा, मऊ, भेगाळलेला थर लागतो तो गाळ. रंग पिवळट झाला, खडा लागला, मुरूम दिसला की तिथे तलावाचा मूळ तळ सुरू होतो. प्रत्येक खड्ड्यातली गाळाची जाडी टेपने मोजून सरासरी काढा. समजा एक हेक्टर क्षेत्रात सरासरी एक मीटर गाळ आहे, तर तो १०,००० घनमीटर झाला, म्हणजे तलावात एक कोटी लिटर पाण्याची जागा. हाच गाळ उकरल्यावर फुगतो. २० टक्के फुगवटा धरला तर १२,००० घनमीटर होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. तेव्हा एका हेक्टरच्या गाळाला सव्वाचार हजार ट्रॉल्या लागतात.

आता हा आकडा शेतात उतरवून बघा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर दोन इंच जाडीचा थर द्यायला ७,२६० घनफूट, म्हणजे सुमारे ७२ ट्रॉल्या. सव्वाचार हजार ट्रॉल्या मुरवायला साठ एकर शेत लागेल. हे साठ एकर कोणाचे, हे मशीन येण्याआधी कागदावर नसेल तर काम सुरू करू नका. तलावाची कामे फसतात ती बहुतेक इथेच. पोकलेन चालू होते, पहिले चार दिवस ट्रॅक्टरांची रांग लागते, मग जवळच्या शेतांची गरज भागते आणि मशीनला काम द्यायचे म्हणून गाळ काठावर ढीग करून ठेवला जातो. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत तोच ढीग परत तलावात. मशीनचे तास मोजले गेले, पैसे दिले गेले, तलाव होता तसाच राहिला.

म्हणून मागणी यादी. तिच्यात शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, किती एकरांत किती इंच गाळ हवा, तलावापासून अंतर, ट्रॅक्टर स्वतःचा की भाड्याचा आणि सही एवढे रकाने पुरेत. यादी गटवार लावा, एका रस्त्यावरची शेते एका दिवशी घ्या. वाटेत ज्यांच्या बांधावरून ट्रॅक्टर जाणार त्यांची लेखी संमती याच यादीला जोडा आणि शेवटी तो रस्ता पूर्ववत करून देण्याचे त्यांना लिहून द्या.

ट्रॅक्टर किती लागतील याचाही हिशेब आहे. २० टनी पोकलेन सुक्या गाळात तासाला २५ ट्रॉल्या सहज भरते. शेत एक किलोमीटरवर असेल तर भरणे, नेणे, ओतणे, परतणे मिळून एका फेरीला सुमारे पंधरा मिनिटे, म्हणजे एक ट्रॅक्टर तासाला चार फेऱ्या करतो; सहा-सात ट्रॅक्टर हवेत. दोन किलोमीटरवर फेरी पंचवीस मिनिटांची होते आणि दहा ट्रॅक्टर लागतात. एवढे ट्रॅक्टर जमणार नसतील तर पोकलेन आणण्यात पैसे वाया जातात, जेसीबी आणा. ती तासाला सात-आठ ट्रॉल्या भरते आणि दोन-तीन ट्रॅक्टरांत भागते. पोकलेनला तासाला १२ ते १५ लिटर डिझेल लागते. दिवसाला आठ तास धरले तर वरच्या उदाहरणातले काम एकवीस-बावीस दिवसांचे आणि डिझेल दोन ते अडीच हजार लिटर. वर्गणीचा आकडा या लिटरवरून आणि मशीनच्या भाड्यावरून ठरवा, घरटी पाचशे-हजार असा अंदाजाने नको.

हिशेबाची रीत पहिल्या दिवशी घालून द्या. सकाळी मशीन सुरू होताना आणि संध्याकाळी बंद होताना अवर मीटरचा फोटो, डिझेल टाकीत टाकताना समितीतला एक माणूस हजर, आणि ट्रॉलीमागे कूपन. कूपनाचे तीन भाग ठेवा: एक तलावावर, एक ट्रॅक्टरवाल्याकडे, एक शेतकऱ्याकडे. संध्याकाळी तिन्हींची बेरीज जुळली पाहिजे. दिवसाचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. वर्गणी कोणाच्याही खिशातल्या रोखीत ठेवू नका. दोन सह्यांचे वेगळे खाते आणि प्रत्येकाला पावती. गावात एकदा पैशांवरून संशय आला की पुढच्या कामालाही लोक पुढे येत नाहीत.

खोदाईबाबत सगळ्यात गंभीर चूक भरावाशी होते. भरावाच्या पायथ्याशी गाळ जाड असतो, ट्रॅक्टर तिथपर्यंत सहज जातो, म्हणून मशीन तिकडेच वळते. पण पायथ्याजवळचा गाळ भरावाखालून होणारी गळती रोखून धरत असतो. तो खरवडला तर पाणी भरावाखालून वाट काढते आणि भराव खचू शकतो. किती अंतर सोडायचे ते शाखा अभियंत्याकडून आखून घ्या आणि चुन्याची रेघ मारून घ्या. लहान भराव असला तरी वीस-पंचवीस मीटरच्या आत मशीन जाऊ देऊ नका. भरावावरून ट्रॅक्टर चालवू नका, दगडी पिचिंग (उतारावर बसवलेले दगड) सुटते. सांडव्याला (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला) हात लावू नका. पाणी जास्त साठावे म्हणून सांडवा उंच करायची सूचना हमखास येते, ती तिथल्या तिथे थांबवा. तलावाच्या आत किंवा लगत पाणीपुरवठ्याची विहीर, पाइपलाइन असेल तर ती झेंडे लावून दाखवून द्या.

खोली किती घ्यायची हे तलावाच्या कामावर ठरते. पाझर तलावाचे काम पाणी जिरवण्याचे, म्हणून तिथे मुरमापर्यंत गाळ काढला तर पाझर वाढतो. गावतळ्यात मात्र गुरांसाठी पाणी टिकायला हवे, तिथे तळाशी फूटभर गाळ राहू द्या, नाहीतर डिसेंबरातच ते कोरडे पडेल. दोन्हींकडे मुरूम किंवा वाळू उचलायची नाही. ती गौण खनिजे आहेत. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि वाहनही जप्त होते. वीटभट्टीला गाळ देणे हे या कामात बसत नाही. त्याची मागणी जोरात येते, रोख पैसेही दाखवले जातात, पण एक ट्रॉली तिकडे गेली की सगळ्या परवानगीवर प्रश्नचिन्ह उभे राहते.

कडा उभ्या ठेवू नका. तीन फूट लांबीला एक फूट उतार द्या, तुटक खोल खड्डे न करता तळ एकसारखा ठेवा. पावसाळ्यात गढूळ पाण्याखाली खड्डा दिसत नाही. गुरे आणि पोहायला आलेली मुले अशाच खड्ड्यांत बुडतात. यात तडजोड नको. मशीन परत पाठवायच्या आधीचा शेवटचा अर्धा दिवस फक्त कडा घालण्यासाठी राखून ठेवा.

शेतातल्या बाजूचे थोडक्यात. गाळ हलक्या, मुरमाड जमिनीला लाभतो. भारी काळ्या जमिनीत टाकला तर निचरा आणखी बिघडतो, तिथे देऊ नका. आधी दोन-तीन ठिकाणचा नमुना माती परीक्षणाला द्या, सामू (pH) ८.५ च्या वर असेल, क्षार किंवा चुनखडी जास्त असेल, किंवा तलावात गावाचे सांडपाणी येत असेल तर तो गाळ पिकाला त्रास देईल. दोन ते चार इंच थर पुरे. तो नांगरून, कुळवून मूळ मातीत मिसळला पाहिजे. नुसता पसरून ठेवला तर वाळून त्याची ढेकळे होतात आणि पेरणीच्या वेळी बी खोलात जात नाही.

काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर अशी दोनदा शाखा अभियंत्याकडून तळाची लेव्हल घेऊन ठेवा. योजनेचे देयक त्यावर निघते, आणि लोकवर्गणीचे काम असले तरी किती गाळ निघाला हे भांडणाशिवाय सांगता येते. तलावाखालच्या पाच-सहा विहिरींची पाणीपातळी या मार्चमध्ये मोजा, मग ऑक्टोबरात आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा, त्याच दोरीने, त्याच विहिरींत. आणि याच उन्हाळ्यात, मशीन गावात असतानाच, तलावाला मिळणाऱ्या नाल्यावर दोन-तीन ठिकाणी दगडी बांध घालून घ्या. त्यांच्यामागे अडलेला गाळ दरवर्षी बैलगाडीनेही काढता येतो.